लिस्बन करार आणि 'युरोपियन सैन्या'ची भीती

'लिस्बन करार झाला की आयरिश मुलांना सक्तीने युरोपियन सैन्यात नेणार.' युरोपियन युनियनचा कारभार कसा चालावा हे ठरवणाऱ्या या करारावरच्या 12 जून 2008 च्या सार्वमतापूर्वी आयर्लंडमध्ये पसरलेली ही भीती आजही अधूनमधून डोकं वर काढते. ती खोटी आहे.

करारात सक्तीची भरती नाही, सामाईक सैन्यही नाही. 42व्या कलमातलं सातवं उपकलम सांगतं, की सदस्य देशावर सशस्त्र हल्ला झाला तर इतरांनी शक्य त्या सर्व मार्गांनी मदत करावी. पण लगेच पुढे जोड आहे: काही देशांच्या संरक्षण धोरणाच्या विशिष्ट स्वरूपाला यामुळे बाधा येणार नाही. आयर्लंडसारख्या तटस्थ देशांसाठीच ही तरतूद! हे उपकलम एकदाच वापरलं गेलं, पॅरिसमधल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर नोव्हेंबर 2015 मध्ये फ्रान्सने. कोणी काय मदत द्यायची, ते ज्या त्या देशाने ठरवलं.

जून 2009 मध्ये युरोपीय नेत्यांनी आयर्लंडला तशी लेखी हमीही दिली आणि पहिल्या सार्वमतात नाकारलेला करार मतदारांनी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या सार्वमतात स्वीकारला.

मात्र तटस्थ म्हणजे हात बांधून बसणं नव्हे, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सुदानच्या दारफूर भागातून शेजारच्या चाडमध्ये आलेल्या निर्वासितांच्या रक्षणासाठी 2008 मध्ये युरोपियन युनियनची मोहीम गेली. तिला संयुक्त राष्ट्रांची मंजुरी होती. आणि तिचे प्रमुख होते आयर्लंडचे लेफ्टनंट जनरल पॅट नॅश.