फिल्म वाइंडर

फिल्म वाइंडर म्हणजे मॅन्युअल कॅमेऱ्यात दर छायाचित्रानंतर फिल्म एक फ्रेम पुढे सरकवणारे आणि त्याच वेळी शटर कॉक करणारे, म्हणजे पुढच्या छायाचित्रासाठी ताणून ठेवणारे, जोड-उपकरण. ते बहुधा कॅमेऱ्याच्या तळाला, ट्रायपॉडच्या आट्यात स्क्रूने बसवतात. सेकंदाला सुमारे दोन फ्रेम ओढतो तो वाइंडर आणि तीन ते पाच किंवा अधिक ओढतो तो मोटर ड्राइव्ह, असा भेद रूढ आहे. मात्र कंपन्यांनी ही नावे आपापल्या सोयीने वापरल्याने ही सीमा काटेकोर मानू नये.

फिल्म आपोआप ओढणारे पहिले साधन बनवण्याचा मान कोणाचा, याविषयी मतभेद आहेत. हाइन्त्स किल्फिट यांच्या आराखड्यावर बनलेला जर्मन ‘रोबोट’ कॅमेरा साधारण 1934 मध्ये आला. घड्याळासारखी चावी दिलेली स्प्रिंग त्याची 24×24 मिमी.ची फ्रेम आपोआप पुढे नेई. परंतु ही यंत्रणा कॅमेऱ्याच्या अंगातच होती, म्हणून तिला जोड-उपकरण म्हणणे कठीण. लायका या जर्मन कॅमेऱ्यासाठी तळाला लावायची ‘मूली’ ही स्प्रिंग-मोटर त्याच दशकाच्या उत्तरार्धातली. तळाचा खटका बोटाने ओढून फिल्म सरकवणारा लायकाचा दुसरा प्रकार, पुढे लायकाविट नावाने ओळखला गेलेला, यात मोजू नये, कारण त्यात शक्ती हाताचीच असते. विजेच्या मोटरबाबत बहुतेक लेखक निकॉन एसपी कॅमेऱ्याच्या एस-36 मोटरकडे (1957) बोट दाखवतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलासाठी 10 मीटर फिल्म मावणाऱ्या लायका 250 ला विद्युत मोटर जोडलेली होती, हे पाहता ‘सर्वसाधारण ग्राहकाला बाजारात मिळालेला’ असे विशेषण लावूनच निकॉनचा दावा मान्य करणे अधिक सयुक्तिक ठरते.

1959 च्या निकॉन एफ कॅमेऱ्यासाठी आलेल्या एफ-36 या मोटरची रचना विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कोणत्याही एफला ती थेट बसत नसे. कॅमेऱ्याच्या तळाला वेगळी पट्टी बसवून तो त्या विशिष्ट मोटरशी तंत्रज्ञाकडून जुळवून घ्यावा लागे. जुळणी किंचित चुकली तरी शटर मिटण्याआधीच फिल्म ओढली जाण्याचा धोका असे. मागच्या बाजूच्या गणकावर उरलेल्या फ्रेमची संख्या लावावी लागे. गणक शून्यावर आला की मोटर थांबे; आकडा जास्त लावला, तर रोल संपल्यावरही मोटर ओढत राही आणि फिल्मची छिद्रे फाटत. पुढील पिढीत ही अडचण दूर झाली. निकॉन एफएमला (1977) एमडी-11 आणि नंतर एमडी-12 हे मोटर ड्राइव्ह कोणत्याही जुळणीशिवाय बसतात. कॅमेऱ्याच्या तळाच्या खोबणीत मोटरचा दांडा नीट बसला आहे ना हे पाहायचे आणि मगच स्क्रू आवळायचा. शटर मिटल्याचा संकेत तळाच्या विद्युत संपर्कांतून मोटरला मिळतो. एमडी-12 आठ पेन्सिल सेलवर सेकंदाला 3.5 फ्रेमपर्यंत ओढतो, म्हणजे 36 चा रोल सुमारे दहा सेकंदांत संपतो. शटर मंद ठेवले की वेग उतरतो. रोल संपल्यावर तळाचे बटण दाबून तो हातानेच उलटा गुंडाळावा लागतो.

ऑलिंपस ओएम-1, पेंटॅक्स एमएक्स इत्यादींसाठीही वाइंडर निघाले. कॅननच्या एई-1 (1976) सोबत विकलेल्या पॉवर वाइंडर ए ने हे साधन हौशी वर्गापर्यंत नेले. वेगाची जाहिरात सर्वाधिक झाली असली, तरी खरा लाभ डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता पुढचे छायाचित्र घेता येण्यात आहे. एकेक फ्रेम काढणाऱ्यालाही तो मिळतो. थंड, कोरड्या हवेत वेगाने ओढलेल्या फिल्मवर स्थिर विजेच्या फांदीसारख्या खुणा उमटू शकतात, तेव्हा तेथे फिल्म सरकवण्याचा लिव्हर हातानेच फिरवणे श्रेयस्कर. कोनिका एफएस-1 (1979) पासून मोटर कॅमेऱ्यातच येऊ लागली आणि स्वतंत्र वाइंडर मागे पडले. आज ते बहुतांशी सेकंडहँड बाजारात मिळतात. घेताना सेलच्या कप्प्यातील गळती आणि गंजलेले संपर्क आधी तपासावेत.