जिवाचा नांगर : सोलापूरच्या ख्रिस्ती घरांतल्या आशेची पार्श्वभूमी

आमच्या आजीला बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातलं एक वचन तोंडपाठ होतं : आशा म्हणजे जिवाचा नांगर. मूळ ग्रीकमध्ये हा जहाजाचा नांगर आहे. वादळात तारू वाहून जाऊ नये म्हणून तळाशी टाकतात तो. मराठीत मात्र जहाजाच्या आणि शेताच्या, दोन्ही अवजारांना शब्द एकच. आजी मोहोळकडची. समुद्र तिथून अडीच-तीनशे किलोमीटर लांब आणि तिने तो जन्मात पाहिला नव्हता. तिच्या डोळ्यापुढे यायचा तो बैलांचा नांगर, वैशाखात भेगाळलेल्या काळ्या रानात शिरणारा. ‘आभाळात ढग नसतो तेव्हाच नांगरतात,’ ती म्हणायची. ‘पाऊस पडल्यावर कोण नांगरंल?’

अर्थ चुकला होता, पण फार दूर गेला नव्हता. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल लिहितो की नांगरणाऱ्याने आशेने नांगरावं. तिथे विषय आहे राबणाऱ्याच्या हक्काचा, त्याला वाटा मिळण्याचा. म्हणजे आशा आणि मजुरी एकाच ओळीत. सोलापूरच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या लोकांत, संकटाच्या वेळी जी भाषा ऐकू येते तिचं मूळ मला याच ओळीत दिसतं. ‘हसतमुख राहा, सगळं छान होईल’ या भाषेचा तिच्याशी फारसा संबंध नाही.

पवित्र शास्त्रात आशेची सगळ्यात ठळक वाक्यं रडण्याच्या मधोमध आहेत. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडलं, त्या राखेतून विलापगीत आलं. पाच कविता. त्यांतल्या चार अक्षरानुक्रमे रचलेल्या, जणू रडायलाही अ पासून ज्ञ पर्यंत शिस्त लावली. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे प्रसिद्ध वचन तिसऱ्या कवितेत, म्हणजे बरोबर मध्यावर आहे. त्याच्या आधी आकांत आणि नंतरही आकांतच. पुस्तक संपतं ते ‘आम्हाला पार टाकून दिलंस का?’ अशा अर्थाच्या सुरावर. यिर्मयाचं ‘भवितव्य आणि आशा’ हे वचन नाताळात वाटल्या जाणाऱ्या कॅलेंडरांवर हमखास असतं. त्याच्या लगेच वरच्या ओळीतली सत्तर वर्षं मात्र कोणी छापत नाही. बंदिवासातल्या लोकांना संदेष्टा सांगत होता : घरं बांधा, बागा लावा, पोराबाळांची लग्नं करा, सुटका इतक्यात नाही. रोमच्या जमिनीखालच्या दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी कबरींवर कोरलेला नांगर (तो समुद्रातला) याच जातीचा. छळ संपलेला नव्हता, तेव्हाचा.

ही शिकवण सोलापुरात पोचली ती दुष्काळाच्या तोंडावर. रेल्वे 1860 मध्ये आली, आणि त्याच दशकात अमेरिकन मराठी मिशनने इथे ठाणं उघडलं. मिशनचं मूळ काम मुंबईत 1813 पासून आणि अहमदनगरात 1831 पासूनचं. 1871 मध्ये एकरुखचा तलाव तयार झाला, आपण ज्याला हिप्परग्याचा तलाव म्हणतो तो. पाच वर्षं उलटली नाहीत तोच 1876 चा पाऊस गेला. पुढची दोन वर्षं दख्खनने जे पाहिलं ते सरकारी अहवालांतही धड मावलेलं नाही. दुष्काळी कामांवर इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी खाली आणली : पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर थोडे पैसे. रत्तल म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. याच धामधुमीत, 1877 मध्ये, आज ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती कापडगिरणी सुरू झाली आणि उपाशी खेडी शहराकडे चालू लागली.

मग पुन्हा 1896-97, पाठोपाठ प्लेग, आणि तो ओसरायच्या आत 1899-1900 चा दुष्काळ. मिशनच्या वसतिगृहांत अनाथ पोरं भरली. आज जुन्या ख्रिस्ती घरांत वंशावळ विचारली तर पुष्कळदा ती तीन-चार पिढ्यांवर थांबते आणि उत्तर येतं, ‘दुष्काळातलं पोर होतं.’ त्याच्या मागे नाव नसतं, गाव नसतं.

इथेच आरोपही येतो, आणि तो टाळून ही पार्श्वभूमी लिहिता येणार नाही. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य आम्ही शाळेत ऐकलंय. भुकेचा आणि बाप्तिस्म्याचा संबंध नव्हता असं म्हणणं खोटं ठरेल. पण जे आले ते बहुतेक महार-मांग समाजातले. गावच्या विहिरीवर त्यांना चांगल्या पावसाच्या वर्षीही पाणी मिळत नव्हतं. त्यांना भाकरीसोबत पाटी मिळाली, पंगतीत जागा मिळाली. यातलं पोटाचं कोणतं आणि आत्म्याचं कोणतं, हे वेगळं करून दाखवणारा तराजू माझ्याकडे नाही.

या आशेला मराठी तोंडवळा दिला तो दुष्काळ आणि ताटातूट सोसलेल्या माणसांनी. पंडिता रमाबाईंनी आईवडील आणि बहीण उपासमारीच्या दिवसांत थोड्या थोड्या महिन्यांच्या अंतराने गमावली. 1896-97 मध्ये त्या मध्य प्रांतात जाऊन दुष्काळातल्या मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड सोडलं की हे केडगाव लागतं. तिथे त्यांनी विहिरी खोदल्या, शेती लावली, हातमाग आणि छापखाना घातला. प्रार्थना तर होतीच, पण विहीर आधी.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती नव्हत्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, लोक तोंडावर कीव करणारे, अशा स्थितीत त्या आमच्याच सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूरला बहिणीच्या घरी राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी ते दिवस सांगितलेत, तेही स्वतःची थट्टा करत. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मला त्यांची ही थट्टा कितीतरी प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते. टिळकांनी भजनं-अभंग लिहिले तेव्हा सूर उसना आणावा लागला नाही. बायको अन्न अन्न करत मेली हे विठ्ठलाच्या दारात उभं राहून सांगणारा तुकाराम त्यांच्या मागे होताच. मंगळवेढ्यात कोठार उघडणारे दामाजीपंत आणि त्याच मंगळवेढ्यात भिंतीखाली गेलेला चोखोबा ही तर आमच्या भागाची आठवण. देवाशी भांडायची मुभा मराठी ख्रिस्ती माणसाला दोन्हीकडून मिळाली, स्तोत्रसंहितेतून आणि वारीतूनही.

सगळंच उजळ नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सरकारने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवलं. त्या वसाहतीच्या, म्हणजे सेटलमेंटच्या, कारभारात मिशनही होतं. सुधारणेची आशा, दारावर पहारा आणि हजेरी. ज्या कायद्याने हे झालं तो 1952 मध्ये गेला. नाव मात्र शहराच्या पत्त्यात राहिलं, सेटलमेंट फ्री कॉलनी. आशा दुसऱ्यावर लादली की तिचं काय होतं ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं.

हल्ली मंडपातल्या मोठ्या सभांत ‘विश्वास असेल तर अश्रू कशाला’ असं माईकवरून सांगतात. गिरण्या बंद पडल्या तेव्हा किंवा 2020-21 मध्ये चार-चार माणसांत माती द्यावी लागली तेव्हा, जुन्या मंडळीतलं कोणी असं बोलल्याचं मला आठवत नाही. लोक बसत, एखादं स्तोत्र वाचत, चहा होई. पाळकसाहेबही रडत.

2018 च्या दुष्काळानंतर मोहोळ तालुक्यातल्या एका खेड्यात मी हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकासाठी देवाचे आभार मानायच्या उपासनेला, गेलो होतो. रब्बी जवळजवळ गेलीच होती. वाचन हबक्कूक संदेष्ट्याचं : अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन. ‘गोठ्यात गुरं नाहीत’ला मागच्या रांगेतून कोणीतरी ‘हां’ म्हटलं. पुढे वेदीपाशी दोन कोंबड्या, थोडी अंडी, एका टोपलीत वांगी. एका माणसाची कणसं भरलीच नव्हती, म्हणून त्याने कडब्याची पेंढी आणून ठेवली होती आणि तो जरा खाली मान घालून बसला होता. उपासना संपल्यावर रिवाजाप्रमाणे सगळ्याचा लिलाव झाला. चारा कुठेच मिळत नव्हता. पेंढीची बोली कोंबडीच्या वर गेली.