बार मित्झ्वाचा आहेर

ज्यू मुलगा १३ वर्षांचा झाला की धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या शिरावर येते. हाच बार मित्झ्वा. मुलींचा बात मित्झ्वा परंपरेने १२ व्या वर्षी, सुधारणावादी पंथांत बहुधा १३ व्या. अमेरिकेत तो प्रथम १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्युडिथ कॅप्लन हिचा झाला, असे मानले जाते. सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनागृहात) तोरा या धर्मग्रंथाचे वाचन, मग मेजवानी आणि आहेर.

नवखा पाहुणा चुकतो तो रकमेत नव्हे, वारात. समारंभ बहुधा शनिवारी सकाळी असतो. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत साबाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस; धर्मनिष्ठ ज्यू त्या काळात पैशाला हात लावत नाहीत, लिहीत नाहीत, घराबाहेर वस्तूंची ने-आणही टाळतात. (शनिवारी घाणा बंद ठेवणारे कोकणातले बेने इस्रायल ज्यू ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले, ते यामुळेच.) सिनेगॉगमध्ये यजमानांच्या हाती पाकीट ठेवले, तर त्यांची पंचाईतच होते. आहेर आधी घरी पोचवावा, नाहीतर शनिवारी रात्री किंवा रविवारी मेजवानीला द्यावा. सोमवारी आणि गुरुवारीही तोरावाचन असते. जेरुसलेमच्या पवित्र पश्चिम भिंतीपाशी या वारांना बार मित्झ्वांची गर्दी उसळते, तिथे ही अडचण नाही.

रोख रक्कम सर्रास चालते, शक्यतो १८ च्या पटीत. हिब्रूत ‘खाय’ म्हणजे जिवंत. त्यातल्या खेत आणि योद या अक्षरांची अंकमूल्ये ८ आणि १०, बेरीज १८. म्हणून ३६, ५४, १८० डॉलरचे चेक. आपल्या १०१ किंवा ५०१ सारखाच हा शुभांक. ५० दिले म्हणून कोणी रुसत नाही.

वस्तूंपैकी प्रार्थनेची शाल (तालित) आणि तेफिलिन (प्रार्थनेच्या वेळी दंडाला व कपाळाला बांधायच्या, धर्मवचने ठेवलेल्या कातडी डब्या) सहसा आईवडील किंवा आजी-आजोबा देतात. तेफिलिनमधली चर्मपत्रे हाताने लिहिलेली असतात, किंमत भारी आणि लिपीची वळणे समाजागणिक वेगळी. परक्याने विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये. किद्दुशचा (साबाथला वाइनवर म्हणायच्या प्रार्थनेचा) चांदीचा पेला, मेणबत्तीदाणी, पुस्तके यांत चुकायला फारसा वाव नाही. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकन मुलांना फाउंटन पेनेच इतकी येत, की ‘आज मी पुरुष झालो’ या भाषणातल्या ठरीव वाक्याचे विनोदात ‘आज मी फाउंटन पेन झालो’ असे झाले. खाऊ द्यायचा तर तो कोशर (ज्यू आहारनियमांना धरून) आहे ना, हे पाहावे. आलेल्या पैशांतला काही भाग, अनेक घरांत दहावा हिस्सा, मुलाने त्सेदाका, म्हणजे धर्मादाय, म्हणून दान करावा अशी अपेक्षा असते. आभारपत्रेही त्यानेच लिहायची.