पैठणचा आकडा, नांदेडचा निर्णय

पैठणच्या नाथसागराला, म्हणजे जायकवाडी धरणाला, २७ दरवाजे. त्यातले नेहमीचे १८ अर्धा-अर्धा फूट उचलले की गोदापात्रात साधारण ९,४३२ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी सुटते. दिवसभर तसेच सुटले तर पाऊण टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. हा आकडा खाली नांदेडला विष्णुपुरी बंधाऱ्यावर कळतो, पण तेवढ्याने भागत नाही. मध्ये मांजरथला सिंदफणा मिळते, पुढे पूर्णा. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचे दरवाजे एकाच्या हाती, पूर्णेवरच्या येलदरी-सिद्धेश्वरचे दुसऱ्याच्या. पूर कोणालाच नको असतो, पण प्रत्येकाला पातळी दिसते ती आपल्याच धरणाची.

हा पेच गणितात मांडला अर्थतज्ज्ञ जेकब मार्शाक यांनी, १९५५ मध्ये. रॉय रॅडनर यांनी तो पुढे नेला. उद्दिष्ट एक, माहिती विखुरलेली आणि निरोपाला खर्च, असे असेल तर ‘आता काय करू?’ असे ऐनवेळी विचारण्यापेक्षा ‘काय दिसले तर कोणी काय करायचे’ हे सगळ्यांचे मिळून आधी ठरवायचे. १९६८ मध्ये नियंत्रणशास्त्रातले संशोधक विट्सेनहाउझेन यांनी यातली मेख दाखवली: पहिल्याची कृती हाच दुसऱ्यासाठी निरोप ठरतो, आणि मग वरवर सोपे गणितही सुटता सुटत नाही. त्यांच्या उदाहरणाचे सर्वोत्तम उत्तर अजून सापडलेले नाही.

धरणावरची परिचालन सूची म्हणजे असाच आधी ठरवलेला नियम: अमुक तारखेला पाणी अमुक पातळीच्या वर नको. ती मोडते लोभापायी. दुष्काळी मुलखात भरलेले धरण रिकामे करायला हात धजत नाही. मग परतीच्या पावसात सगळेच एकदम सोडतात आणि लोंढे एकत्र येतात. दुसरी चूक शांततेची. ‘फरक पडला तरच कळवा’ म्हटले की फोन न येणे म्हणजे ठीक, की लाइन बंद, हे खालच्याला कळत नाही. म्हणून ‘बदल नाही’ हेसुद्धा ठरल्या वेळी कळवायचे.

निरोपाविनाच काम चालवायचे टोक म्हणजे धर्माबाद तालुक्यातला बाभळी बंधारा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाने त्याचे १४ दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे, शिवाय १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडायचे. महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र प्रदेश यांच्यात वाद नको म्हणून तारीखच नियम झाली. पण तारखेला पाऊस दिसत नाही. जुलै कोरडा गेला तरी साठा वाहून जातो, आणि २८ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा बऱ्याचदा नदीची धार बारीक झालेली असते.