बेनकाकांच्या मरणाला जबाबदार कोण?

टीव्ही स्टुडिओच्या बोळातून एक चोर पळत येतो. मागून पोलीस ओरडतो, ‘अडव त्याला!’ समोर स्पायडरमॅनचा नवाकोरा पोशाख घातलेला पीटर पार्कर उभा आहे. मनात आणलं तर एका हाताने चोराला जमिनीवर पाडेल. तो जागचा हलत नाही. चोर लिफ्टमध्ये शिरतो, दार बंद होतं. पोलीस खडसावतो, तर पीटर म्हणतो की ते तुमचं काम, आजपासून मी फक्त स्वतःचं बघणार. थोड्याच दिवसांत तोच चोर पीटरच्या घरात घुसतो आणि त्याला वाढवणाऱ्या बेनकाकांना गोळी घालतो.

लेखक स्टॅन ली आणि चित्रकार स्टीव्ह डिटको यांची ही कथा ऑगस्ट 1962 च्या ‘अमेझिंग फँटसी’ या मार्व्हलच्या कॉमिक्सच्या 15व्या अंकात आली. सगळी मिळून 11 पानं. कोळी चावणं, कुस्तीच्या आखाड्यातली कमाई, टीव्हीवरची प्रसिद्धी, काकांचा खून, गोदामात खुन्याला पकडणं आणि चेहरा ओळखीचा निघणं, एवढं सगळं त्यात बसवलंय. पण त्या पानांतली खरी जहाल गोष्ट म्हणजे बोळातल्या त्या क्षणाला काही कारणच नाही. पीटरला कुणी फसवलेलं नाही, कुणी डिवचलेलं नाही. पोराच्या डोक्यात हवा गेली होती, बस्स. साठ वर्षं सिनेमावाल्यांना नेमकं हेच पचवता आलेलं नाही.

शेवटच्या चौकटीतलं ते प्रसिद्ध वाक्यही तिथे बेनकाका बोलत नाहीत. ते निवेदकाचं आहे. आणि त्यात मोठ्या बळाबरोबर मोठी जबाबदारी ‘यायलाच हवी’ असं म्हटलंय, ‘येतेच’ असं नाही. फरक बारीक आहे, पण तो लक्षात असू द्या.

पडद्यावर सुरुवातीला या अपराधाशी कुणाला देणंघेणं नव्हतं. 1977 च्या अमेरिकी टीव्हीपटात कोळी चावतो, काका मात्र मरत नाहीत. पुढच्या वर्षी जपानच्या तोएई कंपनीने मालिका काढली. तिचा नायक ताकुया यामाशिरो. त्याला शक्ती देतो परग्रहावरचा योद्धा आणि लढाईला सोबत एक अवाढव्य यंत्रमानव. (गंमत म्हणून जरूर पाहा.) मग 1985 मध्ये स्पायडरमॅनवर चित्रपट काढायचे हक्क कॅनन या चित्रपट कंपनीने घेतले. पुढे जेम्स कॅमेरॉनने आराखडा लिहिला, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 1999 मध्ये हक्क सोनीकडे स्थिरावले. कॅमेरॉनच्या आराखड्यातली एक कल्पना तेवढी टिकली. कॉमिक्समध्ये पीटर जाळं फेकायचं यंत्र स्वतः बनवतो, इथे जाळं थेट मनगटातून निघतं.

सॅम रायमीचा 2002 चा चित्रपट आजही बहुतेकांच्या डोक्यात ‘मूळ कथा’ म्हणून बसला आहे. 1962 चा किरणोत्सर्गी कोळी शीतयुद्धाच्या भीतीचं बाळ होता. त्याच वर्षीचा हल्कही गॅमा बॉम्बमधूनच जन्मला. रायमीने त्या जागी जनुकं बदललेला कोळी आणला. काळ तसा होता, कुणी हरकत घेतली नाही. मोठा बदल पुढे आहे. कुस्तीत तीन मिनिटं टिकलास तर तीन हजार डॉलर, अशी बोली असते. पीटर दोन मिनिटांतच पैलवानाला लोळवतो, तेव्हा आयोजक नियमावर बोट ठेवून शंभर डॉलर हातावर टेकवतो. वर ‘तो माझा प्रश्न नाही’ असं सुनावतो. पुढच्याच क्षणी चोर त्या आयोजकाला लुटून पळतो. पीटर बाजूला होऊन त्याला लिफ्टची वाट मोकळी करून देतो आणि आयोजकाचं वाक्य त्यालाच परत ऐकवतो. थिएटरमध्ये या जागी प्रेक्षक हसतो. बरी जिरली! म्हणजे पीटरच्या चुकीत प्रेक्षकही सामील झाला.

बाहेर गाडीपाशी काका रक्ताच्या थारोळ्यात पडलेले असतात. त्यांचं शेवटचं संभाषण त्याच गाडीत झालेलं. ‘जबाबदारी येतेच’ हे ऐकवलं काकांनी आणि पीटरने उलट उत्तर दिलं की वडील असल्याचा आव आणू नका. पटकथा म्हणून हे फार हुशारीचं काम आहे. पण पीटरच्या हातात आता एक कारण आलं. ‘येतेच’ म्हटल्यावर जबाबदारीचं ओझंही थोडं हलकं झालं. 2007 च्या तिसऱ्या भागात तर गोळी फ्लिंट मार्को या भलत्याच माणसाच्या हातून, तीही चुकून सुटल्याचं उघड झालं. तिथे माझ्यासारख्याने कपाळाला हात लावला.

ठराविक मुदतीत पुढचा चित्रपट आला नाही तर हक्क मार्व्हलकडे परत जाणार होते, म्हणून 2012 मध्ये सोनीने काकांना पुन्हा मारलं. या वेळी पीटर भांडून घराबाहेर पडलाय. चॉकलेट दुधाला दोन सेंट कमी पडतात आणि गल्ल्यावरचा पोऱ्या अडून बसतो. मागचा माणूस गल्ला लुटतो आणि जाता जाता दुधाची बाटली पीटरकडे फेकतो. पीटरला शोधत फिरणारे काका त्याच रस्त्यावर त्या चोराच्या गोळीला बळी पडतात. तो खुनी चित्रपटात शेवटपर्यंत हाती लागत नाही, कारण दिग्दर्शकाला मायबापांच्या रहस्यात जास्त रस.

2016 मध्ये नवा पीटर म्हणून टॉम हॉलंड आला तेव्हा कोळीही नाही, काकाही नाहीत. हातून होण्यासारखं असून केलं नाही आणि वाईट घडलं तर ते तुझ्यामुळे घडलं, अशा अर्थाचं एक वाक्य तो बोलतो, तेवढंच. नंतर एका बॅगेवर बेनकाकांची आद्याक्षरं दिसतात. मग 2021 मध्ये, त्याच्या सहाव्या चित्रपटात, मेकाकू मरताना ते वाक्य बोलते, तेही 1962 च्या शब्दांत, ‘यायलाच हवी’. मात्र इथे पीटरची चूक काय? दुसऱ्या विश्वांतून आलेल्या खलनायकांना परत धाडून मरू देण्याऐवजी बरं करायचं ठरवलं. माज, मग सूड, मग वैताग आणि आता दया. चूक प्रत्येक वेळी अधिक माफ करण्यासारखी होत गेली.

मुंबईचा अपवाद मला म्हणूनच आवडतो. (कोळ्यांच्या शहरात कोळी, हा विनोद मराठी वाचकाला समजावून सांगायला नको.) 2004 च्या भारतीय कॉमिक्समधला स्पायडरमॅन म्हणजे पवित्र प्रभाकर, त्याला शक्ती देतो एक योगी. गुंडांनी घेरलेल्या बाईची हाक त्याला ऐकू येते आणि तो निघून जातो. मदतीला धावतात भीमकाका, आणि जिवाला मुकतात. कारण नाही, सबब नाही. डिटकोच्या बोळाइतकंच उघडं.

हाच पवित्र 2023 मध्ये अ‍ॅनिमेशनपटात आला. तो मराठीतही डब झाला होता. तिथे त्याची कथा काही सेकंदांत आटोपते आणि स्पायडरमॅन असणं किती सोपं, अशी बढाई तो मारतो. प्रत्येक स्पायडरमॅनचं कुणीतरी मरायलाच हवं, नाहीतर विश्व कोसळेल, असा नियम या चित्रपटात दुसऱ्या एका विश्वातला स्पायडरमॅन, मिगेल ओहारा, सांगतो. पवित्रच्या मुंबत्तन या काल्पनिक शहरात पूल कोसळताना पवित्रच्या मैत्रिणीचे वडील, इन्स्पेक्टर सिंग, मरणार असतात. चित्रपटाचा नायक, आणखी एक स्पायडरमॅन माइल्स मोरालेस, झेप घेतो आणि त्यांना वाचवतो. मग शहराच्या मधोमध काळं भगदाड पडतं, आणि त्याचा ठपका माइल्सवर येतो.