ऑर्डरवर सही केली म्हणजे पैसे तुमच्या खिशातून?

‘कंपनीच्या खरेदी ऑर्डरवर तुमची सही असेल, तर कंपनीने पैसे थकवल्यावर वसुली तुमच्याकडून होते’, हा मेसेज फिरत असतो. भीती समजण्यासारखी आहे, पण मूळ नियम उलटा आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २३०: वेगळं ठरलं नसेल तर मालकाच्या (इथे कंपनीच्या) वतीने केलेल्या कराराने प्रतिनिधी (इथे सही करणारे तुम्ही) स्वतः बांधला जात नाही. मात्र मालक कोण, हे कागदावर दिसायला हवं. म्हणून सहीच्या वर कंपनीचं पूर्ण नाव आणि ‘करिता’, खाली तुमचं पद आहे ना, बघा. सहीच्या अधिकाराचं पत्र मागून घ्या. ‘वैयक्तिक हमी’ किंवा ‘जामीनदार’ हे शब्द दिसले तर हात आवरा. चेकचं प्रकरण निराळं: तो वटला नाही तर सही करणाऱ्यावरही खटला होऊ शकतो.