घोड्याला भिणारा हान्स आणि पेरलेला पुरावा

व्हिएन्ना, १९०८. जेमतेम पाच वर्षांचा ‘हान्स’ रस्त्यावर जायला घाबरतो. घोडा चावेल ही धास्ती. मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने लावलेला अर्थ असा: घोडा म्हणजे वडील, त्याच्या तोंडाभोवतीचा काळेपणा म्हणजे वडिलांच्या मिशा, डोळ्यांवरची झापडं म्हणजे त्यांचा चष्मा. मुलाला आई हवी, म्हणून वडिलांची भीती. १९०९ मध्ये छापलेली ही हकीकत इडिपस गंडाचा, म्हणजे मुलाच्या मनातल्या आईच्या ओढीचा आणि वडिलांविषयीच्या वैराचा, मोठा पुरावा ठरली.

पुरावा गोळा कसा झाला ते मात्र पाहण्यासारखं आहे. विश्लेषण केलं वडिलांनी, आणि ते फ्रॉइडचे अनुयायी. फ्रॉइड या काळात मुलाला एकदाच भेटला आणि त्याच भेटीत त्याला अर्थ सांगून मोकळा झाला. घरी जाताना पोरानं विचारलं, प्रोफेसर देवाशी बोलतात का? (शंका रास्तच!) हान्सला जे स्वतः बोलता येत नव्हतं ते त्याला सांगावं लागलं, हे फ्रॉइडनेच लिहून ठेवलंय. आधी पेरायचं आणि उगवलं की सापडलं म्हणायचं, असा हा प्रकार.

बसगाडीचा घोडा कोसळून पाय झाडताना हान्सने पाहिला होता. भीती तेव्हापासूनची, असं तो स्वतः सांगत होता. वर्तनोपचाराचे अभ्यासक जोसेफ वोल्पे आणि स्टॅन्ली रॅकमन यांनी १९६० मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं.

विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांचा आक्षेप जास्त गाजला: फ्रॉइडचा सिद्धान्त कुठल्याही वागण्याला लागू पडतो, म्हणून तो खोटा ठरूच शकत नाही, म्हणजे तपासताच येत नाही. दुसरे तत्त्वज्ञ अडॉल्फ ग्रुनबाउम यांना हे पटलं नाही, आणि मला त्यांचं म्हणणं अधिक भक्कम वाटतं. संशयविकृती (पॅरानोइया) दडपलेल्या समलैंगिकतेतून येते, असं फ्रॉइड म्हणतो. मग समलैंगिकतेवरचा सामाजिक धाक कमी झाला की ती विकृतीही घटायला हवी. हे तपासता येतं. अडचण उपचाराच्या कोचावर पडून रुग्णाने दिलेल्या माहितीची आहे: डॉक्टरला काय ऐकायचंय ते रुग्णाला कळत जातं. ते टाळायचं तर भाकीत आधी लिहून ठेवावं लागतं आणि सिद्धान्त माहीत नसलेल्या माणसाकडून नोंदी घ्याव्या लागतात.

चुकीच्या अर्थाने रुग्ण टिकाऊ बरा होत नाही, हा फ्रॉइडचा बचाव. पण या परंपरेची पहिली रुग्ण ‘ॲना ओ.’ हिचे फ्रॉइडचे ज्येष्ठ सहकारी डॉ. ब्रॉयर यांच्याकडचे उपचार १८८२ च्या जूनमध्ये संपले आणि जुलैत ती स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये दाखल झाली. मॉर्फिनचं व्यसन सोबत होतंच. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकात मात्र ती बरी झाल्याचं छापलं. सॅनेटोरियममधली कागदपत्रं मनोविकारशास्त्राचे इतिहासकार हेन्री एलेनबर्गर यांनी १९७२ मध्ये उजेडात आणली.